घरामागचा पाव गुंठा

या पानावर मुलांचे शिक्षण, लग्नातला अनाठायी खर्च, बचत गट, घरगुती औषधे अशा विषयांवर आपले बंधुभगिनी नेहमी लिहीत असतात. आज आम्ही परसबागेवर लिहिणार आहोत. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे राहतात तिथे परसबागेच्या गोष्टी कसल्या सांगता, असे काही वाचक म्हणतील. त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच सुरुवातीला जागेचा आकडा सांगून टाकतो. आमच्या घरामागे अठरा फूट लांब आणि चौदा फूट रुंद अशी मोकळी जमीन आहे. म्हणजे २५२ चौरस फूट. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा असतो. तेव्हा आमचा पाव गुंठाही पुरा भरत नाही. या एवढ्याशा तुकड्यावरून आमच्या घरात वर्षभर वाद चालू होता, आणि त्या वादामुळेच हे लिहायला बसलो.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला पालेगावात राहतो. एका खाजगी कंपनीत कारकून आहोत. सुटीच्या दिवशी वस्तीतल्या लोकांचे रेशनकार्डाचे, जातीच्या दाखल्याचे, शाळाप्रवेशाचे अर्ज लिहून देतो. आमच्या वडिलांनी हे बैठे घर घेतले तेव्हा आजूबाजूला भातखाचरे होती. पावसाळ्यात रात्री बेडकांच्या आवाजाने झोप लागत नसे आणि पाऊस उघडला की मलंगगडाचा सुळका स्वच्छ दिसत असे. आता गड पाहायचा तर दोन इमारतींच्या मधल्या फटीतून पाहावा लागतो. वीस-वीस मजल्यांचे मनोरे उभे राहिले आहेत. त्यांच्या जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत’ असे छापलेले असते. निसर्ग म्हणजे बहुधा आमच्यासारख्यांच्या घरामागचा दुधीचा मांडव असावा, कारण वरच्या गॅलरीतून हिरवे म्हणून तेवढेच दिसते.

जमिनीची किंमत या भागातल्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. जवळच नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपले, इंग्रज गेले, पण जमीन परत मिळाली नाही म्हणून जून २०१७ मध्ये तिथे केवढे मोठे आंदोलन पेटले ते पुष्कळांना आठवत असेल. ज्यांच्या बापजाद्यांकडे जमीन होती त्यांचे दुःख ते. आमचे प्रकरण निराळे. आमच्याकडे जाण्यासारखी जमीनच नव्हती.

आमचे मूळ गाव नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. ‘परस’ हा शब्द आमच्या आईला लहानपणापासून ठाऊक होता, पण तो मालकाच्या वाड्यातला. महारवाड्यात घराला घर लागलेले, आणि मागची भिंत संपली की दुसऱ्याचा बांध सुरू. कोंबडी पलीकडे गेली तरी शिव्या खाव्या लागत. आई मालकाच्या शेतात खुरपायला जाई. तणात तांदुळजा, घोळ, पाथरी निघे ती ओट्यात भरून आणी. पण तीसुद्धा विचारून. तण उपटून फेकायचे असले तरी घरी न्यायचे म्हटले की विचारावे लागे.

वतनाचा हाडोळा होता. पण त्याचे सगळ्या महारवाड्यात वाटे होत होत आजोबांच्या वाट्याला खडकाळ पट्टा आला होता आणि त्याच्या बदल्यात गावकीची राबणूक गळ्यात होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच राबणुकीतून आपल्याला सोडवण्यासाठी. प्रत्यक्षात ही कनिष्ठ वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. मग प्रश्न उरला पोटापुरत्या जमिनीचा. आमच्याच जिल्ह्याचे सुपुत्र कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पडीक आणि सरकारी जमिनी कसणाऱ्याला द्या, ही त्यातली मुख्य मागणी. आमची आजी त्यात तुरुंगात जाऊन आली होती. तिला जमीन मिळाली नाही. पण तुरुंगातल्या आमटीची चव ती मरेपर्यंत मोठ्या अभिमानाने वर्णन करून सांगत असे.

पुढे १९७२ चा दुष्काळ पडला, वडील खडी फोडण्याच्या कामावर गेले आणि तिथून अंबरनाथला कारखान्यात. येताना आईने फडक्यात बांधून पायलीभर नागली आणली होती. आपल्याकडे कोकणच्या बाजूला तिला नाचणी म्हणतात, आई अजून नागलीच म्हणते. ती नागली अर्थातच खाऊन संपली. आज आमच्याकडे जे बी आहे ते मुरबाडकडच्या एका नात्यातल्या मावशींनी दिलेले.

इथे बाबासाहेबांच्या एका निबंधाची आठवण येते. ‘भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यांवरील उपाय’ हा त्यांचा इंग्रजी निबंध १९१८ सालचा. आम्ही बी.कॉम. करीत असताना तो कोणी शिकवला नाही. पुढे शासनाने काढलेल्या त्यांच्या ग्रंथांच्या पहिल्या खंडात वाचला. त्या काळी सगळे अर्थशास्त्री म्हणत होते की भारतातली शेते फार लहान म्हणून शेतकरी गरीब. बाबासाहेबांनी विचारले, लहान म्हणजे कशाच्या मानाने? शेत लहान की मोठे हे नुसत्या फुटपट्टीने ठरत नाही. त्यावर घालायला भांडवल किती, अवजारे किती, श्रम किती, यावर ते ठरते. आणि शेतीवर जगणाऱ्यांचा भार फार झाला आहे, तो कारखानदारी वाढवून कमी करा, हा त्यांनी सांगितलेला उपाय. आमचे वडील कारखान्यात आले तेव्हा त्यांना या निबंधाचे नावही ठाऊक नव्हते. पण आमचे घर त्याच वाटेने चालत आले. आता कारखान्याच्या पगारावर पोट भरते, आणि म्हणूनच २५२ चौरस फूट आम्हाला पुरतात. पोटासाठी त्यांच्यावर अवलंबून असतो तर हे अंगण म्हणजे थट्टा झाली असती.

आता मुख्य विषयाकडे वळू. ज्यांच्याकडे ओसरीपुढे, घरामागे, चाळीच्या टोकाला एवढीतेवढी जागा आहे त्यांना उपयोग होईल ते सांगतो.

आमच्या परिसरात पहिली काळजी पाण्यामातीची घ्यावी लागते. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनी नदीची दशा सर्वांना माहीत आहे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस तिच्यात कोणीतरी रसायन ओतले आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेता येईना, दवाखान्यात न्यावे लागले. असे पाणी ज्या जमिनीत मुरते तिथे पालेभाजी लावणे धोक्याचे असते. शिसे, कॅडमियम असे धातू पालेभाज्या अधिक शोषून घेतात. फळभाज्यांच्या फळात ते तुलनेने कमी उतरतात. लोकलने जाताना रुळांच्या कडेला पालकाचे, लाल माठाचे वाफे दिसतात ते सर्वांनी पाहिले असतील. रेल्वे आपल्या कर्मचाऱ्यांना ते पट्टे लागवडीला देत आली. त्यातल्या काही ठिकाणी नाल्याचे पाणी फिरते हे वर्तमानपत्रांतून अनेकदा येऊन गेले आहे. माती तपासून घ्यावी हे बरोबर, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. सरकारच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह वगैरे असते. शिसे, कॅडमियम त्यात नसते. ‘माती चांगली’ असा कागद मिळाला म्हणजे ती विषारी नाही असे त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून आम्ही जुन्या मातीवर भरवसा न ठेवता विटांच्या कडा लावून दीड फूट उंच वाफे केले. त्यात बाहेरून आणलेली लाल माती, तबेल्यातले कुजलेले शेणखत आणि घरचे खत समसमान घातले. उंच वाफ्याचा दुसरा फायदा पावसाळ्यात कळतो. आमच्याकडे जुलैमध्ये अंगणात घोटाभर पाणी साचते, आणि सपाट जमिनीतली मिरची दोन दिवसांत पिवळी पडून मरते.

घरचे खत म्हणजे फुटक्या ड्रमला भोके पाडून त्यात भाजीची देठे, साली, चहाचा चोथा आणि प्रत्येक थरावर वाळलेला पाला. पाला कमी पडला की वास येतो, एवढेच गुपित. कोल्हापूरकडचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ चालवून दहा गुंठ्यांत कुटुंब कसे जगेल याचा हिशेब मांडला होता. पालापाचोळा हीच संपत्ती, असे ते शिकवत. मनोऱ्यांच्या आवारातला झाडलेला पाला सफाई कामगार आम्हाला पोती भरून आणून देतात, आम्ही त्यांना भाजी देतो. त्यांच्या सोसायट्यांना या व्यवहाराची गंधवार्ता नाही.

पाण्याचे म्हणाल तर नळाला पाणी येण्याचा काही भरवसा नसतो. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी बादलीत साठवून थेट वाफ्यात. कपड्याच्या साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नये. ते अळूला आणि केळीला चालते. पत्र्यावरचे पावसाचे पाणी आम्ही दोन पिंपांत धरतो, पहिल्या एक-दोन पावसांचे सोडून देतो. पिंपाच्या तोंडावर जुन्या साडीचे दुहेरी फडके घट्ट बांधावे. नाहीतर भाजीबरोबर डेंग्यूही पिकेल.

काय लावावे? जूनमध्ये भेंडी, चवळी, काकडी, दुधी, घोसाळी. दिवाळीच्या सुमारास मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो आणि वाल. उन्हाळ्यात माठ आणि अंबाडी, बाकी सगळे करपते. कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता कायमचे. एक-दोन गोष्टी अनुभवाच्या सांगतो. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. भर पावसात पाकोळ्या फिरकत नाहीत, तेव्हा नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच घासावे. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो, तीच तिची खूण. हे काम आमची मुलगी करते. आणि मका एका लांब ओळीत लावू नये. त्याचा पराग वाऱ्याने पडतो, ओळीत लावला तर कणसात दाणे भरत नाहीत. चार बाय चार फुटांच्या चौकोनात लावला तर कणीस भरते.

वालाचे श्रेय आमच्या शेजारच्या आगरी काकूंचे. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर वाल कसा येतो हे त्यांना माहेरापासून माहीत. आमच्या नाशिककडच्या तोंडाला त्याचा कडवटपणा आधी रुचेना, आता मोड आलेल्या वालाचे बिरडे झाल्याशिवाय आमच्या घरातला हिवाळा पुरा होत नाही. शिवाय वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे पुढच्या भाजीला खत कमी लागते.

बी मात्र घरचे धरावे. दुकानातले संकरित बी पहिल्या वर्षी भरपूर देते, पण त्याच्या फळातले बी पुन्हा पेरले तर तसेच पीक येत नाही, दरसाल दुकान गाठावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे राहतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या आदिवासी भगिनीने वालाचे, नाचणीचे, भाजीपाल्याचे गावरान वाण आपल्या परसात जपून घरात बीजबँक केली आणि २०२० मध्ये त्यांचे नाव पद्मश्रीच्या यादीत आले. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. आमच्या आईने टीव्हीवर त्यांना पाहिले, तेव्हापासून आमच्या फळीवरच्या राखेत घोळलेल्या वालाच्या बाटलीला हात लावायची कोणाची हिंमत होत नाही.

आता धान्य. आमच्या या तुकड्यात धान्य लावायचे म्हणजे लोक हसतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते. सगळीकडे भाषणे झाली, नाचणीची बिस्किटे मॉलमध्ये आली आणि नाचणीचे भाव चढले. जी भाकरी आपल्या आयाबायांनी गरिबीची म्हणून लपवून खाल्ली तिला प्रतिष्ठा आली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पॉलिश तांदळात दहाच्या आतबाहेर. हे आईला सांगितले तर ती म्हणाली, “म्हनून तर तुमचे हात लवकर मोडत्यात.” त्याच जूनमध्ये तिने एका टोपलीत नागलीचे रोप टाकले. महिन्याभराने दहा बाय बारा फुटांच्या वाफ्यात वीत-वीत अंतरावर लावणी केली. आमची दोन्ही मुले आणि मनोऱ्यातली तिघे-चौघे चिखलात उतरली होती. ऑक्टोबरात कणसे भरली, तशा चिमण्यांहून लहान तपकिरी पाखरांच्या झुंडी यायला लागल्या. जुनी मच्छरदाणी पांघरून कणसे राखली. नोव्हेंबरात कापून, वाळवून, काठीने बडवून, सुपाने पाखडून जे हाती आले ते तराजूवर सव्वादोन किलो भरले.

सव्वादोन किलो! रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते. आमची वर्षातली एकुलती एक सुगी म्हणजे एका माणसाचे पंधरा दिवसांचेही रेशन नाही. परसात धान्य पिकवून घर चालेल असे जो सांगेल त्याच्यावर वाचकांनी विश्वास ठेवू नये. धान्यासाठी एकरांनी जमीन लागते, हेच दादासाहेबांच्या सत्याग्रहाचे म्हणणे होते. आमची नाचणी किलोभर आंबिलीला गेली, पावभर शेजारी वाटली, उरली ती बियाण्याला आणि मुलांना दाखवायला. आमच्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलाला नाचणी झाडाला लागते की जमिनीखाली, हे ठाऊक नव्हते. ती त्याला घरी घेऊन आली आणि आईने त्याच्या हातात कणीस दिले.

आम्ही कारकून माणूस. जून २०२३ पासून मे २०२४ पर्यंत जे तोडले ते वजन करून वहीत लिहिले. पालेभाजी ४१ किलो, दुधी-घोसाळी-काकडी ३२, वांगी-टोमॅटो-मिरची १६, चवळीच्या आणि वालाच्या ओल्या शेंगा ७. एकूण ९६ किलो. नाचणी वर सांगितली तेवढी, वाळलेला वाल दीड किलो. बाजारभावाने सगळ्याची किंमत ५,२०० रुपयांच्या घरात गेली. खत, बी, बांबू, सुतळी यांचा खर्च १,०५०. म्हणजे शिल्लक चार हजार दीडशे. यात आईच्या आणि सहचारिणीच्या मेहनतीची मजुरी धरलेली नाही. रोज एक तास धरला तरी खाते तोट्यात जाते. वहीत हेही लिहून ठेवले आहे.

याच वहीवर वाद पेटला. आमचा मुलगा आता नोकरीला लागला आहे, उद्या त्याचे लग्न होईल. घरात दोन खोल्या आणि माणसे पाच. वस्तीतल्या एका ओळखीच्या ठेकेदाराने परस पाहिले आणि म्हणाले, “जयभीम भाऊ, एवढी सोन्यासारखी जागा तुम्ही कोथिंबिरीत घालवता? मागे पत्र्याच्या दोन खोल्या काढा. एकीत मुलगा, एक भाड्याने. साडेतीन लाखांत काम होईल.” पालेगावात असल्या खोलीचे भाडे साडेतीन हजार रुपये महिना येते. वर्षाचे बेचाळीस हजार. वहीतल्या चार हजारांपुढे बेचाळीस हजार. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही याचे उत्तर देता येईल. मुलगा म्हणाला, “पप्पा, मेथीची जुडी कुठेही मिळते. खोली कुठे मिळते?” त्याचे काही चुकले नव्हते. गल्लीतल्या नऊ घरांपैकी सहा घरांच्या मागे आता फरशी किंवा पेव्हर ब्लॉक आहेत आणि त्यावर भाडेकरू आहेत. त्यांनी ते हौसेने केलेले नाही. कोणाला मुलीची फी भरायची होती, कोणाची कंपनी बंद पडली.

सहचारिणी या वादात फारशा बोलल्या नव्हत्या. एका रात्री त्यांनी वही मागून घेतली आणि आम्हाला विचारले, “यात तारखा आहेत ना? पंचवीस तारखेनंतर बाजारातून भाजी कितीदा आणली ते बघा.” आम्ही घरखर्चाची दुसरी वही काढली. परस नव्हते त्या वर्षांत, म्हणजे वडील आजारी असताना तिथे सामान रचून ठेवले होते तेव्हा, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भाजीची नोंद जवळजवळ नाही. कांदा, बटाटा, डाळ. पगारदार घरात पैसे संपत आले की किराणा कापता येत नाही, वीजबिल कापता येत नाही, कापली जाते ती भाजी. आणि थोडी भाजी असली की ती डब्यात जाते, मुलांच्या ताटात जाते, वाढणारीच्या ताटात पातेल्याचा तळ जातो. हे आम्ही इतकी वर्षे समोर बसून जेवत होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले आहे. त्या निम्म्यांत आमच्या घरच्याही होत्या, गोळ्या चालू होत्या. नुसत्या माठाच्या भाजीने रक्त वाढते असा दावा आम्ही करणार नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. पण आता पंचवीस तारखेला परसात माठ असतो, अंबाडी असते, शेवग्याचा पाला असतो, आणि तो तोडायला कोणाकडे पैसे मागावे लागत नाहीत. त्यावर लिंबू पिळावे, लोह अंगी लागते.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणसाने रोज ४०० ग्रॅम भाजी-फळे खावीत. पाच माणसांना दोन किलो. आमच्या परसातून सरासरी रोज पाव किलोच निघते. तरी तो पाव किलो नेमका कोणाच्या ताटातला होता हे आता आम्हाला कळले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, लोकल बंद, बाजार बंद, तेव्हा याच तुकड्यातला लाल माठ गल्लीतल्या नऊही घरांत गेला होता. तेव्हा कोणी भाव विचारला नाही, आणि त्यामुळे तो वहीतही नाही.

शेवटी आईने तोडगा काढला. “खोली वर बी चढल,” ती नातवाला म्हणाली, “पन नागली पत्र्यावर नाय येनार.” वरच्या मजल्याचा खर्च काढला. खांब उभे करावे लागणार, परवानगीचे कागद करावे लागणार. एका खोलीचे पाच लाख दहा हजार. म्हणजे मागच्या दोन खोल्यांपेक्षा एक लाख साठ हजारांनी महाग, आणि भाड्याची खोली गेली ती गेलीच. मुलगा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, पतपेढीचे कर्ज माझ्या नावावर घेऊ, हप्ता मी निम्मा भरतो, पण वर शौचालय हवे. ते आम्ही मान्य केले. परवानगीच्या कागदांसाठी पाच फेऱ्या झाल्या आणि गेल्या महिन्यात खांबांचे खड्डे खणले. त्यातले दोन परसाच्या कडेला आले, अळूचा ताटवा आणि शेवगा गेला. शेवग्याच्या तीन फांद्या कापून आईने डब्यात लावून ठेवल्या आहेत, दोघींना पालवी फुटली आहे.

खड्ड्यांतली माती ठेकेदार गाडीत भरून नेणार होते, ती काळी चिकण माती आईने नेऊ दिली नाही. तिचा ढीग अजून मोरीजवळ आहे आणि येताजाता सगळ्यांना आडवा येतो. पाऊस वेळेवर आला तर दहा-बारा जूनला नागलीचे रोप टाकायचे आहे. यंदा मचाणाची सावली पडेल त्या बाजूला नागली येणार नाही, तिथे अळूचे कंद पुन्हा लावू.